रेणवीय आनुवंशिकी : पदवी शिक्षण

सजीवांच्या आनुवंशिक लक्षणांचे एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे होणारे संक्रमण आणि त्या लक्षणांचा प्रत्येक जीवात होणारा आविष्कार यांचे स्पष्टीकरण रेणूंच्या रचनेवरून व कार्यावरून करणाऱ्या जीवविज्ञानाच्या शाखेस ‘रेणवीय आनुवंशिकी’ म्हणतात. जीन (आनुवंशिक लक्षणे निश्चित करणारे, गुणसूत्रांवरील घटक) ज्याचे बनलेले असतात ते डीऑक्सिरिबोन्यूक्लिइक अम्ल (डीएनए), त्याच्यावरून तयार होणारे रिबोन्यूक्लिइक अम्ल (आरएनए) आणि त्यांच्यातील संकेतानुसार बनणारी प्रथिने हे या शाखेच्या अभ्यासाचे मुख्य विषय होत. प्रस्तुत नोंदीत या शाखेच्या पदवी पातळीवरील शिक्षणाचे विवेचन छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) व मराठवाडा यांच्या संदर्भात केले आहे.

महाराष्ट्रात ‘रेणवीय आनुवंशिकी’ या नावाची स्वतंत्र पदवी सहसा दिली जात नाही. जैवतंत्रज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र, वनस्पतिविज्ञान व प्राणिविज्ञान या विषयांच्या विज्ञान पदवीत, तसेच कृषी जैवतंत्रज्ञानाच्या पदवीत ती अंतर्भूत असते. त्यामुळे विषयाचे नाव वेगळे असले, तरी गाभा पुष्कळसा समान असतो आणि पदवीच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काय शिकविले जाते, याला अधिक महत्त्व येते. [⟶ आनुवंशिकी, न्यूक्लिइक अम्ले, रेणवीय जीवविज्ञान].

ऐतिहासिक आढावा : ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्याच्या संकरणावरून काढलेले आनुवंशिकतेचे नियम १८६६ मध्ये प्रसिद्ध झाले व १९०० मध्ये त्यांचा पुन्हा शोध लागला. मेंडेल यांनी कल्पिलेले ‘घटक’ कोणत्या पदार्थाचे असतात, हा प्रश्न मात्र त्यानंतरही चार दशके अनुत्तरित राहिला. ओ. टी. एव्हरी, सी. एम. मॅक्लाउड व एम. मॅकार्टी यांनी १९४४ मध्ये फुप्फुसशोथाच्या सूक्ष्मजंतूंवरील प्रयोगांनी हा पदार्थ डीएनए असल्याचे दाखवून दिले. जे. डी. वॉटसन व एफ. एच. सी. क्रिक यांनी १९५३ मध्ये डीएनएच्या दुहेरी सर्पिल रचनेचे प्रतिमान मांडले. त्यासाठी रोझलिंड फ्रँक्लिन यांच्या क्ष-किरण छायाचित्रांचा आधार मिळाला होता. १९६१ ते १९६६ या काळात जननिक संकेत (डीएनएमधील क्षारकांच्या क्रमाचा प्रथिनातील ॲमिनो अम्लांच्या क्रमाशी असलेला संबंध) उलगडला. या कार्याबद्दल हरगोविंद खोराना यांना एम. डब्ल्यू. नीरेनबर्ग व आर. डब्ल्यू. हॉली यांच्यासमवेत १९६८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या टप्प्यापर्यंत विषय मुख्यतः सैद्धांतिक होता व पदवी वर्गात तो पुस्तकावरून शिकविता येत असे. डीएनए विशिष्ट ठिकाणी कापणारी निर्बंधक एंझाइमे (१९७०), निरनिराळ्या जीवांचे डीएनए जोडण्याचे तंत्र (१९७२–७३), एफ. सँगर यांची क्षारकक्रम ठरविण्याची पद्धत (१९७७) आणि के. बी. मलिस यांनी १९८३ मध्ये शोधून काढलेली पॉलिमरेज शृंखला विक्रिया यांमुळे ही स्थिती पालटली. जीन हा तर्काने मानावयाचा घटक न राहता परीक्षानळीत हाताळावयाचा पदार्थ झाला आणि या विषयाच्या शिक्षणात हस्तकौशल्यास सिद्धांताइतकेच स्थान मिळाले. मानवी जीनसंचाचा आराखडा २००१ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर संगणकावरील क्रमविश्लेषणाचीही त्यात भर पडली.

भारतात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दीकी यांनी १९६२ मध्ये रेणवीय जीवविज्ञानाचा विभाग सुरू केला. हैदराबाद येथील कोशिकीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्राची स्थापना १९७७ मध्ये झाली आणि १९८६ मध्ये केंद्र शासनाने जैवतंत्रज्ञानासाठी स्वतंत्र विभाग निर्माण केला. या सर्व ठिकाणी भर संशोधनावर व पदव्युत्तर शिक्षणावर होता. पदवी महाविद्यालयांत हा विषय त्यानंतर पसरला.

मराठवाड्यातील शैक्षणिक पार्श्वभूमी : १९५६ मधील राज्य पुनर्रचनेपूर्वी मराठवाडा हैदराबाद राज्याचा भाग होता व उच्च शिक्षणाच्या दृष्टीने तो हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबाद येथे महाविद्यालय काढले. ते पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने प्रसिद्धीस आले. ज्या समाजघटकांना उच्च शिक्षण जवळजवळ अप्राप्य होते, त्यांच्यातील अनेक विद्यार्थ्यांना शहरातील विज्ञान प्रयोगशाळेचे दार या संस्थेमुळे खुले झाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली आणि १९९४ मध्ये त्याचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असे करण्यात आले. देवगिरी महाविद्यालय (१९६०) व मौलाना आझाद महाविद्यालय (१९६३) यांच्यामुळे विज्ञान शिक्षणाचा विस्तार झाला. परभणी येथे १९७२ मध्ये कृषी विद्यापीठ स्थापन झाल्यावर पीकसुधारणेच्या आनुवंशिकीला या प्रदेशात स्वतःचे केंद्र मिळाले.

या कृषी विद्यापीठाने १९८५ मध्ये प्रसारित केलेला ‘परभणी क्रांती’ हा भेंडीचा वाण रेणवीय तंत्रे प्रचारात येण्यापूर्वीच्या पद्धतीचे चांगले उदाहरण आहे. भेंडीवरील केवडा (शिरा पिवळ्या पडण्याच्या) रोगास प्रतिकार करणारी एक जवळची जाती ‘पुसा सावनी’ या वाणाशी संकरित करून आणि तिच्या संततीचा त्याच वाणाशी पुनःपुन्हा संकर करून हा वाण मिळविण्यात आला. प्रतिकारशक्ती देणारे जीन कोणते व ते गुणसूत्रावर कोठे आहेत हे माहीत नसतानाही केवळ लक्षणांवरून निवड करता येते, हे त्यावरून दिसते. रेणवीय पद्धतीत हीच निवड रोपावस्थेत, रोगाची वाट न पाहता, डीएनएमधील खुणांवरून करता येते. पदवी अभ्यासक्रमात दोन्ही पद्धती शेजारी ठेवून शिकविल्यास नव्या तंत्राने नेमके काय साधले, हे विद्यार्थ्याला उमगते.

अभ्यासक्रमाचे स्वरूप : बारावीच्या विज्ञान शाखेत जीवविज्ञान व रसायनशास्त्र घेऊन उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला या पदवीस प्रवेश मिळतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी व चार वर्षांनंतर विशेष (ऑनर्स) पदवी अशी रचना स्वीकारण्यात आली आहे.

पहिल्या वर्षी सामान्यतः कोशिकेची (पेशीची) रचना, मेंडेल यांचे नियम, सूक्ष्मजंतूंची ओळख, कार्बनी रसायनशास्त्र व जीवसांख्यिकी हे विषय असतात. दुसऱ्या वर्षी डीएनएचे प्रतिकृतीकरण, प्रतिलेखन (डीएनएवरून आरएनए बनणे), अनुवादन (आरएनएवरून प्रथिन बनणे), जीनांचे नियंत्रण, उत्परिवर्तन (आनुवंशिक लक्षणांत आकस्मिक बदल घडविणारा डीएनएतील फरक) व एंझाइमे यांचा अभ्यास होतो. तिसऱ्या वर्षी जननिक अभियांत्रिकी, ऊतकसंवर्धन, प्रतिरक्षाविज्ञान आणि संगणकाच्या साहाय्याने क्रमांची तुलना हे विषय येतात. चौथे वर्ष बहुधा प्रकल्पासाठी असते.

या विषयांपैकी जीवसांख्यिकीकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो. वास्तविक आनुवंशिकीचा जन्मच मोजणीतून झाला आहे. मेंडेल यांनी दुसऱ्या पिढीतील ७,३२४ वाटाणे मोजले. त्यांपैकी ५,४७४ गोल व १,८५० सुरकुतलेले होते. हे प्रमाण २·९६ : १ येते, बरोबर ३ : १ येत नाही. निरीक्षण व सिद्धांत यांतील एवढा फरक योगायोगाने पडू शकतो की त्यामागे दुसरे कारण आहे, हे ठरविणे हे आनुवंशिकीच्या विद्यार्थ्याचे पहिले काम होय. ज्याला हे ठरविता येत नाही, त्याला पुढे यंत्रातून बाहेर पडणाऱ्या लक्षावधी अक्षरांच्या क्रमाचा अर्थ लावता येणार नाही.

कपाशीचे उदाहरण : मराठवाड्यातील विद्यार्थ्याला या विषयाची सर्व अंगे एकत्र दाखविणारे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. छत्रपती संभाजीनगरपासून सु. ६० किमी.वरील जालना येथे बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाणे संस्था स्थापन केली. या संस्थेने अमेरिकेतून १९९६ मध्ये बीटी जीन असलेल्या ‘कोकर ३१२’ या कपाशीचे बियाणे आणले व भारतीय कपाशीशी त्याचा पुनःपुन्हा संकर केला. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतील सूक्ष्मजंतूपासून घेतलेला हा जीन असलेल्या कपाशीत बोंडअळीस मारक असे प्रथिन तयार होते. २६ मार्च २००२ रोजी अशा तीन संकरित वाणांना लागवडीची परवानगी मिळाली. भारतात व्यापारी लागवडीस मान्यता मिळालेले हे पहिले जननिक परिवर्तित पीक होय. दोन मारक प्रथिने असलेल्या वाणांना २००६ मध्ये मान्यता मिळाली. त्याच वर्षी छत्रपती संभाजीनगर येथील नाथ सीड्स या संस्थेच्या, निराळ्या प्रकारचा बीटी जीन असलेल्या वाणांनाही मान्यता मिळाली.

काही वर्षांतच गुलाबी बोंडअळी (पेक्टिनोफोरा गॉसिपिएला) या प्रथिनांना दाद देईनाशी झाली. पहिल्या प्रथिनाविरुद्धचा प्रतिकार गुजरातेत आढळल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. पुढे दुसऱ्या प्रथिनाविरुद्धही प्रतिकार निर्माण झाला आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कपाशीचे फार मोठे नुकसान झाले. कीटकनाशकांवरील खर्च वाचेल या भरवशावर महागडे बियाणे घेतलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला बियाणे व फवारणी असा दुहेरी खर्च करूनही किडकी बोंडे वेचावी लागली.

या घटनेचे स्पष्टीकरण तीन पातळ्यांवर द्यावे लागते. पहिली पातळी रेणूची आहे. बीटी प्रथिन अळीच्या आतड्यातील कोशिकांच्या पटलावरील विशिष्ट प्रथिनांना चिकटते व मग कोशिका फुटतात. कॅडहेरीन नावाच्या अशा एका प्रथिनाच्या जीनात उत्परिवर्तने झालेल्या अळ्यांत हे बंधन नीट होत नाही व अळी जगते. भारतातील प्रतिकारक्षम अळ्यांत अशी उत्परिवर्तने प्रत्यक्ष आढळली आहेत. दुसरी पातळी मेंडेल यांच्या नियमांची आहे. भारतात बीटी कपाशी मुख्यत्वे संकरित वाणांच्या रूपात लावली जाते. बीटी जीन संकराच्या एकाच जनकाकडून आलेला असला, तर शेतातील प्रत्येक झाडात तो असतो. परंतु त्या झाडाच्या बोंडातील सरकी ही पुढची पिढी असल्याने तिच्यात जीनांची विभागणी होते. स्वपरागणाने तयार झालेल्या दर चार सरक्यांमागे सरासरीने तिघींत जीन असतो व एकीत नसतो. परस्परांपासून स्वतंत्र असे दोन जीन असल्यास सोळांपैकी एकीत दोन्ही नसतात. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरून सरकीच खाते. त्यामुळे तिला विषाची मात्रा एकसारखी मिळत नाही व अंशतः प्रतिकारक्षम अळ्या वाचतात. प्रतिकार वाढण्याचे हे एक कारण असावे, असे काही शास्त्रज्ञांचे मत आहे.

तिसरी पातळी समुदायाची आहे. प्रतिकाराचा जीन अप्रभावी असल्यास प्रतिकारक्षम पतंगांचा संयोग साध्या पतंगांशी होत राहणे हितावह असते, कारण त्यांची संतती बीटी कपाशीवर मरते. यासाठी बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पिशवीबरोबर बिगर-बीटी बियाण्याची १२० ग्रॅमची पुडी देऊन ते शेताच्या कडेने पेरण्याची योजना होती. अनेक शेतकऱ्यांनी ते पेरले नाही. त्यामागील तर्क त्यांच्यापर्यंत त्यांच्या भाषेत पोहोचला नव्हता आणि लहान जमिनीत अळीसाठी ओळी राखून ठेवणे परवडणारेही नव्हते. हंगाम संपल्यावर फरदड (वेचणीनंतर शेतात राखलेली कपाशी) ठेवल्याने अळीला दीर्घकाळ अन्न मिळत राहिले. याउलट अमेरिकेत बीटी कपाशी, प्रजननक्षमता नष्ट केलेल्या पतंगांची सोडणी व पिकाचे अवशेष नष्ट करणे या उपायांची सांगड घालण्यात आली आणि गुलाबी बोंडअळीचे तेथील कपाशी क्षेत्रातून निर्मूलन झाल्याचे २०१८ मध्ये घोषित करण्यात आले. बीटी प्रथिने त्याच वर्गातील असूनही फलिते एवढी भिन्न झाली, याचे कारण केवळ जीनात शोधून सापडत नाही. रेणू, संतती व समुदाय या तिन्हींचा एकत्र विचार करण्याची सवय लावणे हेच या पदवी शिक्षणाचे मुख्य प्रयोजन होय. [⟶ कापूस, कीटक नियंत्रण].

प्रायोगिक कार्य : पहिल्या प्रयोगांत कांद्यापासून किंवा केळ्यापासून डीएनए वेगळे करतात. मीठ व अपमार्जक (साबणासारखा मळ काढणारा पदार्थ) यांच्या विद्रावाने कोशिकापटले विरघळतात आणि थंड अल्कोहॉल ओतल्यावर डीएनएचे पांढरे तंतू वर येतात. हा प्रयोग आकर्षक असला, तरी त्यावरून डीएनएच्या क्रमाविषयी काहीच कळत नाही.

त्यापुढील प्रयोग विद्युत् संचारणाचा असतो. फॉस्फेट गटांमुळे डीएनएवर ऋण विद्युत् भार असतो; म्हणून ॲगारोज जेलमध्ये विद्युत् प्रवाह सोडल्यास त्याचे तुकडे धनाग्राकडे सरकतात व लहान तुकडे अधिक वेगाने जातात. लॅम्डा या जंतुभक्षक व्हायरसाचे ४८,५०२ क्षारकजोड्यांचे डीएनए इको-आरवन या निर्बंधक एंझाइमाने पाच ठिकाणी कापले जाते व सहा तुकडे मिळतात. जंबुपार (दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) प्रकाशात जेल पाहताना मात्र विद्यार्थ्याला अनेकदा पाचच पट्टे दिसतात. ५,८०४ व ५,६४३ क्षारकजोड्यांचे दोन तुकडे जवळजवळ बरोबरीने सरकतात, हे त्याचे कारण होय. पुस्तकात सहा म्हटले आहे म्हणून नोंदवहीत सहा पट्टे काढणारा विद्यार्थी आणि पाच पट्टे काढून त्याचे कारण शोधणारा विद्यार्थी यांच्या शिक्षणात मूलभूत फरक आहे.

पॉलिमरेज शृंखला विक्रियेत सु. ९४° से. तापमानास डीएनएचे दोन धागे विलग होतात, सु. ५५° से.ला आरंभक तुकडे त्यांना चिकटतात आणि ७२° से.ला नवा धागा तयार होतो. दर फेरीला प्रती दुप्पट होत गेल्यास तीस फेऱ्यांनंतर एका रेणूपासून सिद्धांततः सु. १०७ कोटी प्रती मिळतात. याच कारणास्तव बाहेरून पडलेला डीएनएचा एखादा कणही निष्कर्ष बिघडवू शकतो. म्हणून डीएनए न घातलेली एक नळी तुलनेसाठी ठेवणे अनिवार्य असते. या रिकाम्या नळीचे महत्त्व ओळखणे हे प्रायोगिक शिक्षणाचे एक गमक मानता येईल.

हे प्रयोग खर्चिक असतात. एंझाइमे −२०° से. तापमानास साठवावी लागतात आणि मराठवाड्यात उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जात असल्याने वीजपुरवठा खंडित झाल्यास ती निकामी होण्याचा धोका असतो. जेथे साधने अपुरी असतात, तेथे अध्यापक प्रयोग करून दाखवितो व विद्यार्थी पाहतात. अशा वेळी मोजणी, तुलना व नोंद ही कामे तरी प्रत्येक विद्यार्थ्याकडून करून घेणे आवश्यक ठरते. ज्वारीच्या कणसावरील दाणे, फळमाश्यांच्या डोळ्यांचा रंग किंवा कांद्याच्या मुळाच्या टोकातील विभाजन पावणाऱ्या कोशिका यांच्या अभ्यासास फारसा खर्च येत नाही.

मानवी आनुवंशिकी : मानवी उदाहरणांपैकी दोन महाराष्ट्राशी निगडित आहेत. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांनी १९५२ मध्ये मुंबईत एक असाधारण रक्तगट शोधून काढला. तो ‘बाँबे रक्तगट’ या नावाने जगभर ओळखला जातो. अशा व्यक्तीचे रक्त नेहमीच्या चाचणीत ‘ओ’ गटाचे वाटते. परंतु तिला ‘ओ’ गटाचे रक्त दिल्यास प्राणघातक विक्रिया होऊ शकते. ए व बी ही प्रतिजने ज्या एच पदार्थावर रचली जातात, तो पदार्थच तिच्या रक्तकोशिकांवर नसतो. तो बनविणाऱ्या एंझाइमाच्या जीनातील एका क्षारकाचा बदल हे भारतीय व्यक्तींतील त्याचे कारण असल्याचे १९९० नंतरच्या दशकात स्पष्ट झाले. आईवडिलांचे रक्तगट व अपत्याचा रक्तगट यांचा मेळ वरवर बसत नसतानाही मेंडेल यांचे नियम मोडलेले नसतात, हे या उदाहरणावरून चांगले समजते.

दुसरे उदाहरण दात्रकोशिका (सिकलसेल) पांडुरोगाचे होय. हीमोग्लोबिनाच्या बीटा शृंखलेतील १४६ ॲमिनो अम्लांपैकी सहाव्या स्थानी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलीन आल्याने हा रोग होतो. डीएनएमध्ये एकाच क्षारकाचा फरक असतो. महाराष्ट्रातील आदिवासी जमातींत व विदर्भातील काही समाजांत त्याचे वाहक आढळतात. केंद्र शासनाने २०२३ मध्ये त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू केली. वाहक असणे म्हणजे रोगी असणे नव्हे, ही गोष्ट लग्नाच्या वाटाघाटीत एखाद्या मुलीचे भवितव्य ठरवू शकते. ती गावात समजावून सांगणारी व्यक्ती बहुधा पदवीधर शिक्षक किंवा प्रयोगशाळा तंत्रज्ञ असते. म्हणून तिचे ज्ञान पक्के असणे अगत्याचे आहे.

परिभाषा व माध्यम : मराठवाड्यातील बहुसंख्य विद्यार्थी दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकतात व त्यानंतर विज्ञान इंग्रजीतून शिकतात. विषय नवा आणि भाषाही परकी, अशा दुहेरी अडचणीमुळे अनेकजण पाठांतराचा आश्रय घेतात. राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाने (स्थापना १९६०) विज्ञान विषयांचे परिभाषा कोश तयार केले आहेत. तथापि जीन–जनुक, कोशिका–पेशी, एंझाइम–विकर असे पर्याय एकाच वेळी प्रचारात असल्याने गोंधळ उडतो. काही मराठी संज्ञा अर्थबोधक आहेत : ‘प्रतिलेखन’ या शब्दातून नक्कल करणे व ‘अनुवादन’ या शब्दातून एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेणे हा फरक आपोआप कळतो. काही संज्ञा मात्र दिशाभूल करतात. ‘प्रभावी’ लक्षण म्हणजे अधिक बलवान, अधिक उपयुक्त किंवा समाजात अधिक प्रमाणात आढळणारे लक्षण, अशी समजूत सहज होते. प्रत्यक्षात जोडीतील एकच जीन असला तरी दिसणारे लक्षण एवढाच त्याचा अर्थ आहे. ‘ओ’ रक्तगट अप्रभावी असूनही भारतात विपुल आढळतो, हे उदाहरण अशा वेळी उपयोगी पडते.

नैतिक व कायदेशीर बाजू : जननिक परिवर्तित जीवांविषयीचे नियम पर्यावरण (संरक्षण) अधिनियम १९८६ खाली १९८९ मध्ये करण्यात आले. त्यांनुसार असे संशोधन करणाऱ्या संस्थेत जैवसुरक्षा समिती असावी लागते. महिकोने विकसित केलेल्या बीटी वांग्याच्या लागवडीस २०१० मध्ये केंद्र शासनाने स्थगिती दिली. २०२२ मध्ये बाहेरील जीन न घालता केलेल्या विशिष्ट प्रकारच्या जीनसंपादनास काही नियमांतून सूट देण्यात आली.

आनुवंशिकीच्या ज्ञानाचा दुरुपयोग या प्रदेशाने अनुभवला आहे. गर्भाच्या गुणसूत्रांची तपासणी दोष ओळखण्यासाठी निर्माण झाली. परंतु तिचा व पुढे श्राव्यातीत (अल्ट्रासाउंड) तपासणीचा उपयोग गर्भलिंग ओळखून मुलींचे गर्भ नष्ट करण्यासाठी होऊ लागला. त्याविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य होय (१९८८). देशव्यापी कायदा १९९४ मध्ये झाला. तरीही २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली आढळल्या. एक्स व वाय गुणसूत्रांचा धडा शिकविताना, अपत्याचे लिंग पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर अवलंबून असते व त्याचा दोष मातेकडे जात नाही, हे स्पष्टपणे सांगणे म्हणूनच आवश्यक ठरते.

पदवीनंतरच्या संधी : केवळ पदवीवर मिळणारी कामे मुख्यतः बियाणे संस्था, औषधनिर्मिती व निदान प्रयोगशाळा यांत असतात. जालना व छत्रपती संभाजीनगर परिसर बियाणे उद्योगासाठी प्रसिद्ध आहे; तेथे बियाण्यांची जननिक शुद्धता तपासण्याचे काम रेणवीय खुणांच्या साहाय्याने केले जाते. वाळूज औद्योगिक वसाहतीत वॉक्हार्ट या संस्थेने जैवतंत्रज्ञान संकुल उभारले. तिचे जननिक अभियांत्रिकीने यीस्टमध्ये तयार केलेले मानवी इन्शुलीन २००३ मध्ये बाजारात आले. ५१ ॲमिनो अम्लांचे हे हॉर्मोन पूर्वी गुरे व डुकरे यांच्या स्वादुपिंडापासून मिळवीत असत. शहरातील विद्यापीठाच्या परिसरात पॉल हेबर्ट यांच्या नावाचे डीएनए बारकोडिंग केंद्र आहे. सु. ६५० क्षारकजोड्यांच्या एका ठराविक जीनखंडावरून प्राण्याची जाती ओळखण्याची ही पद्धत हेबर्ट यांनी २००३ मध्ये मांडली. न्यायसहायक प्रयोगशाळांतही डीएनए परीक्षणास महत्त्व प्राप्त झाले आहे.

स्वतंत्र संशोधनासाठी मात्र पदव्युत्तर पदवी व पुढे विद्यावाचस्पती (पीएच्.डी.) ही पदवी आवश्यक असते आणि त्यासाठी राष्ट्रीय पातळीवरील प्रवेश परीक्षा द्याव्या लागतात. पदवी मिळताच मोठ्या वेतनाची नोकरी मिळेल, अशा अपेक्षेने प्रवेश घेणाऱ्यांची बहुधा निराशा होते. प्रवेश घेताना आठवड्यातील किती तास विद्यार्थ्याला स्वतः प्रयोग करता येतात, उपकरणे चालू स्थितीत आहेत काय, प्रकल्पाचे मार्गदर्शन कोण करते आणि मागील विद्यार्थी कोठे गेले, या गोष्टींची चौकशी करणे पदवीच्या नावाची चौकशी करण्यापेक्षा अधिक उपयुक्त ठरते. [⟶ जननिक अभियांत्रिकी, जैवतंत्रज्ञान].